या खटल्यात मुलगी नाही

दुसऱ्या वर्षाचे पार्सल आले तेव्हा धाकटीने ते उघडण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवले. साडेनऊ किलो भरले. मग एकेक पुस्तक बाहेर काढून त्याच्या शेवटच्या पानावरचा आकडा तिने कागदावर उतरवला, बेरीज केली, ती खालून वर पुन्हा तपासली आणि टेबलाशी बसलेल्या ताईसमोर कागद सरकवला.

“चार हजार दोनशे साठ.”

“पानं की पापं?” ताईने विचारले.

“पानं. त्यांत निवाडे एकशे अठ्ठ्याऐंशी.”

“मोजपट्टे, अगं नवं पुस्तक हातात आलं की माणसं आधी वास घेतात. तू वजन केलंस!”

मोजपट्टी हे धाकटीचे घरातले नाव. सव्वीस वर्षे ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करीत होती. बाटलीतल्या पाण्याला ती पाणी म्हणत नसे, नमुना म्हणे. आणि ज्याचे माप घेता येत नाही त्याविषयी मत देण्याचे शक्यतो टाळे. ताई तिच्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती आणि वडील कारखान्यात दिवसपाळीला. तेव्हापासून धाकटीची वेणी, दप्तर, ताप आणि गृहपाठ ही सगळी खाती ताईकडे आली, ती आजतागायत तिच्याकडेच होती. आता ताई चौसष्ट वर्षांची होती. दोघींनीही लग्न केले नव्हते. त्याची कारणे निरनिराळी होती आणि त्यांवर चर्चा करायला दोघींनाही सवड झाली नव्हती.

ताईने कॉलेज पहिल्याच वर्षी सोडले होते. मग ती टायपिंग शिकली आणि न्यायालयात टंकलेखिका म्हणून चिकटली. एकतीस वर्षे तिने न्यायाधीशांचे निकाल टाइप केले. कॉलेज का सोडलेस, असे धाकटीने लहानपणी दोन-चारदा विचारले होते. “पुस्तकांचा आणि माझा छत्तीसचा आकडा होता बाई,” हे ताईचे ठरलेले उत्तर. एकाच साक्षीदाराच्या एकाच वाक्यावर विसंबू नये, हे शास्त्र शिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण साक्षीदाराने आपल्याला घास भरवलेले असले की ही शिस्त ढिली पडते.

कायद्याचे खूळ घरात शिरले ते धाकटीच्या फजितीतून. एका खटल्यात तिला साक्षीला बोलावले होते. विहिरीच्या पाण्याचा अहवाल तिचा, आकडे तिचे, आणि ते अचूक. समोरच्या वकिलाने आकड्यांना हातच लावला नाही. बाटलीच्या सिलावर सही कुणाची, एवढेच विचारले. सही नव्हती. अहवाल केराच्या टोपलीत गेला आणि धाकटी पिंजऱ्यात तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा ताई आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली.

“घरबसल्या कायदा शिकता येतो म्हणे. तू फॉर्म भर.”

“मी? आणि वाचणार कधी?”

“वाचीन मी. मला पदवी नाही म्हणून मला घेणार नाहीत. तुला आहे. पदवी तुझ्या नावावर, वाचन माझ्या.”

“तुझा आणि पुस्तकांचा छत्तीसचा आकडा ना?”

ताईने त्या टोमण्याकडे काणाडोळा केला. “एकतीस वर्षं मी निकालाची शेवटची ओळ टाइप केली. अर्ज फेटाळला, अर्ज मंजूर, अर्ज फेटाळला. का फेटाळला ते वर दहा पानं लिहिलेलं असायचं, पण टाइप करताना माणूस अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही. मला आता ती कारणं कळायला हवीयत. ती कळल्याशिवाय मी काही मरत नाही.”

म्हणून फॉर्म भरला. पहिले वर्ष एकसष्ट टक्क्यांनी पार पडले. दुसऱ्या वर्षी मात्र गणित अंगावर आले. धाकटीने स्वतःचा वेग घड्याळ लावून मोजला होता: तासाला अकरा पाने. चार हजार दोनशे साठ पानांना तीनशे सत्त्याऐंशी तास. प्रत्येक पान दोनदा वाचल्याशिवाय परीक्षेत आठवत नाही, म्हणून त्याची दुप्पट. स्वाध्यायांचे शंभर तास वेगळे. एकूण आठशे चौऱ्याहत्तर. हाताशी रोज सकाळी कामावर जाण्याआधीचा दीड तास आणि रविवारचे पाच. चाळीस आठवड्यांचे पाचशे साठ.

“नाही बसत,” धाकटी म्हणाली.

“बसवायचं. निवाडे माझ्याकडे दे. कलमं आणि टीका तू वाच.”

निवाड्यांची एकोणीसशे पाने ताईकडे गेली. उरलेली धाकटीने हिशेबात घातली तेव्हा पाचशे एकोणतीस तास आले. एकतीस शिल्लक राहिले. पद्धतही ठरली. ताईने एकेक निवाडा वाचायचा आणि आपल्या जुन्या टाइपरायटरवर एका पानात त्याचे सार काढायचे. मथळे पाच: पक्षकार, वस्तुस्थिती, प्रश्न, निर्णय, कारण. धाकटीने फक्त ते पान वाचायचे. एकीने वाचलेले पुस्तक दुसरीने उघडायचे नाही, हा नियम. कारण उघडले की तास वाया.

रोजच्या वाचनाची एक नोंदवहीही होती, प्रयोगशाळेतल्या वहीच्या नमुन्यावर आखलेली. तारीख, पुस्तक, पाने, तास, वाचणारीची सही, ताळा, शेरा. प्रयोगशाळेत दर दहावा नमुना दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घेतात, पहिल्याचे आकडे त्याला न दाखवता. दोन्ही जुळले तर ताळा जुळला म्हणायचे. धाकटीने सवयीने तो रकाना आखला आणि मग सबंध रकान्यात वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली. शिल्लक एकतीस तासांत एकोणीसशे पानांचा दहावा हिस्साही नीट तपासून होत नव्हता; आणि आजारपण, पाहुणे हे सगळे त्याच एकतीसांतून जायचे होते.

“आणि मी थापा मारल्या तर?” ताई म्हणाली.

“तू कशाला मारशील?”

“एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या थापा टाइप केल्यात. हात बसलाय.”

दोघी हसल्या. रकान्यावर रेघ ओढण्याची ही चूक कुठल्याही ढिसाळ माणसाने केली नसती, कारण ढिसाळ माणसाने ताळ्याचा रकानाच आखला नसता. ती धाकटीनेच करावी अशी होती.

सकाळी साडेपाचला टेबलाच्या एका टोकाला टाइपरायटर वाजू लागे आणि दुसऱ्या टोकाला धाकटीची पेन्सिल चाले. खटल्यांना ताई टोपणनावे देई. घोडा विकताना तो लंगडा असल्याचे लपवले, तो “लंगडं घोडं”. भावाने भावाच्या खोट्या सहीने दुकान विकले, तो “सहीबहाद्दर”. ताईच्या सारात एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. मध्येच ती टाइपरायटरवरचे हात उचलून म्हणे, “काय गं, हा न्यायाधीश हुशार आहे. आमच्याकडे असता तर मी त्याला चहा स्वतः नेऊन दिला असता.” सव्वीस वर्षांच्या नोकरीत धाकटीला सकाळ आवडली नव्हती, या दोन वर्षांत ती गजर होण्याआधी उठू लागली.

निवाडा क्रमांक एकशे एकतीस, “फुटकी टाकी”, तिने एका स्वाध्यायात वापरला. ताईच्या पानावर वस्तुस्थिती अशी होती: एका व्यापाऱ्याने गोदामात कागदांची दोनशे रिमे ठेवली होती. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली. गोदामवाल्याला जेमतेम काही मिनिटे मिळाली. गोदामात त्याच्याकडची लहान मुलगी झोपलेली होती. त्याने आधी तिला उचलून बाहेर नेले. परत येईपर्यंत कागदांचा लगदा झाला. प्रश्न, दुसऱ्याचा माल सांभाळण्याच्या कर्तव्यात त्याने कसूर केली का. निर्णय, नाही. कारण, मालाआधी जीव.

धाकटीला हा खटला मनापासून आवडला. त्यावर तिने साडेतीन पाने युक्तिवाद रचला; कर्तव्याची मर्यादा, अपरिहार्यता, जीव आणि वस्तू यांची तुलना. इतके चांगले तिने पूर्वी काही लिहिले नव्हते, निदान तिचे मत तसे होते.

पंधरा दिवसांनी अभ्यासकेंद्राच्या खिडकीवर तपासलेला स्वाध्याय मिळाला. वीसपैकी चार. खाली लाल शाईत, नीटनेटक्या अक्षरांत दोन वाक्ये: “युक्तिवाद उत्तम बांधला आहे. परंतु या खटल्यात मुलगी नाही.”

धाकटीने तिथेच बाकावर बसून शक्यतांची यादी केली. एक, परीक्षकाची चूक. दोन, पुस्तकाची आवृत्ती वेगळी. तीन, सारावरून उतरवताना स्वतःची चूक. चौथी शक्यता यादीत नव्हती. ती सुचली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ती लिहिली नाही, एवढेच खरे.

दुसऱ्या दिवशी तिने अभ्यासकेंद्रातून निवाड्यांच्या पुस्तकाची त्याच आवृत्तीची दुसरी प्रत मागून कामावर नेली आणि जेवणाच्या सुट्टीत नियम मोडून ती उघडली. फुटक्या टाकीची अकरा पाने. ती दोनदा वाचली. मुलगी कुठेही नव्हती. गोदामवाल्याने त्या मिनिटांत स्वतःची पोती आधी हलवली होती आणि व्यापाऱ्याचे कागद भिजू दिले होते. न्यायालयाने त्याला दोषी धरले होते. त्याला मूलबाळ नसल्याचाही एका ठिकाणी ओझरता उल्लेख होता.

शेजारच्या टेबलावरची सहकारी डबा झाकत म्हणाली, “काय गं, चेहरा का पडलाय? नमुना दूषित निघाला का?”

“एका नमुन्यावरून सांगता येत नाही,” धाकटी म्हणाली.

म्हणून तिने ताळा घेतला. तोवर झालेल्या एकशे त्रेचाळीस पानांपैकी दर दहावे पान, मूळ निवाड्याशी ताडून. मग समाधान होईना म्हणून सगळीच पाने, पण पक्षकार, तारखा आणि निर्णय एवढेच ताडून. यात जेवणाच्या बावीस सुट्ट्या गेल्या. प्रत्येक पानावरच्या चुका मोजून तिने आलेखाच्या कागदावर ठिपके दिले, खाली निवाड्याचा क्रमांक, बाजूला चुकांची संख्या. पहिल्या सत्तर पानांत दोन चुका, दोन्ही किरकोळ. सत्तरीनंतर तारखा हलू लागल्या. नव्वदीनंतर वादी आणि प्रतिवादी यांनी एकमेकांच्या जागा घेतल्या. एकशे दहापासून निर्णयच उलटे झाले. ठिपके जोडले तर जी रेघ तयार होत होती तशी रेघ तिने पूर्वी पाहिली होती: जमिनीखालून गळती लागलेल्या विहिरीची. आधी काहीच दिसत नाही, आणि दिसते तेव्हा सुरुवात होऊन बराच काळ लोटलेला असतो.

सत्तरावे पान चार महिने नऊ दिवसांपूर्वीचे होते.

मग तिने नोंदवही काढली, आणि खरा घाव तिथे बसला. ताईचा वेग तिने स्वतःच्या हाताने रोज लिहिला होता. तासाला दहा पाने, नऊ, साडेसात, सहा, चार. उतरण इतकी स्वच्छ होती की नवशिक्या मदतनिसाच्याही नजरेतून सुटली नसती. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी धाकटीच्याच अक्षरांत होते: विषय कठीण. विषय कठीण. छपाई बारीक. विषय कठीण. दूध दोनदा उतू गेले होते, किल्ली साखरेच्या डब्यात सापडली होती, आणि समोरच्या शिंपिणीला, जिच्याकडून ताई वीस वर्षे कपडे शिवून घेत होती, ताईने “या कोण?” असे विचारले होते. त्या सगळ्याचे धाकटीने एकच निदान केले होते: वाचनाचा ताण. पुरावा ढिगाने होता. मोजणाऱ्याने मान दुसरीकडे वळवली होती.

डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत नव्हती. तिने ताईला घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. ताईने वर्तुळ सुरेख काढले आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात एकमेकांना चिकटवून बसवले.

“आता तीन शब्द सांगते, थोड्या वेळानं विचारीन. चमचा, पूल, टोपी.”

“समोरचा वकील हरकत घेईल हं,” ताई म्हणाली. “तिन्ही असंबद्ध आहेत.”

डॉक्टरीण हसली. धाकटीही हसली. दहा मिनिटांनी शब्द विचारले तेव्हा ताईने खिडकीकडे पाहिले.

“मी हरकत घेतली होती,” ती म्हणाली. “ती नोंदवली का?”

बाहेरच्या खोलीत धाकटीने विचारले, “वाचन बंद करायला हवं का?”

“आवडत असेल तर चालू द्या. त्यानं आजार थांबेल असं मात्र मी म्हणणार नाही.”

“किती वर्षं?”

“तसा आकडा मला देता येणार नाही.”

धाकटीने मान डोलावली. आकडा नसताना आकडा न देणाऱ्या माणसाविषयी तिला नेहमीच आदर वाटे. त्या दिवशी प्रथमच तो आदर सहन करावा लागला.

त्या आठवड्यात टाइपरायटरची शाईपट्टी संपली. नवी शोधताना धाकटीने ताईचा खण उघडला. ताई न्यायालयातल्या सवयीने प्रत्येक पानाची कार्बनप्रत काढत असे, हे तिला ठाऊक होते. एकशे त्रेचाळीस प्रती असायला हव्या होत्या. खणात सातशेच्या वर होत्या, क्रमाने लावून, टाचणीने गुच्छ करून. नव्वदावा निवाडा तीनदा टाइप केलेला. एकशे विसावा सात वेळा. जुन्यांपैकी एका गुच्छावर समासात पेन्सिलीने, ताईच्या बारीक अक्षरांत: “पुन्हा वाचणे. धाकटीला कळू नये. तिचे तास कोलमडतील.”

म्हणजे ताळा घेतला जात होता. ज्या हातांनी नमुना बिघडवला त्याच हातांनी, एकटीने, धाकटी कामावर गेल्यावर दिवसभर, रोज. वाचलेले निसटते म्हणून पुन्हा वाचायचे, पुन्हा टाइप करायचे, आधीच्या प्रतीशी लावून पाहायचे. आणि धाकटी घरी येण्यापूर्वी सगळे खणात सारून एक पान तेवढे टेबलावर ठेवायचे, ताकास तूर लागू न देता.

फुटक्या टाकीच्या नऊ प्रती होत्या. पहिलीत तारीख चुकली होती, बाकी सगळे पुस्तकाबरहुकूम. चौथीत गोदामवाल्याची पोती नाहीशी झाली. सहावीत मुलगी आली, एका ओळीत. सातवीत ती झोपलेली होती. आठवीत तिला उचलून जिन्यावर नेऊन ठेवले होते. नवव्या प्रतीच्या समासात दोन वाक्ये होती: “पुस्तकात मुलगी सापडत नाही. पण होती.”

धाकटी खणासमोर जमिनीवर बसली ती दूधवाल्याने दार वाजवले तेव्हा उठली.

पुढच्या रविवारी तिने शेंगा निवडायला घेतल्या, निम्म्या ताईपुढे केल्या आणि शक्य तितक्या सपाट आवाजात खडा टाकून पाहिला.

“ताई, आपल्या जुन्या खोलीवरची पाण्याची टाकी कधी फुटली होती का गं?”

ताईचे हात थांबले. “कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. सहज विचारतेय.”

“दुपार होती. तू खाली सतरंजीवर झोपली होतीस, तोंडात अंगठा घालून. सहा वर्षांची घोडी झालीस तरी अंगठा. भिंतीवरून पाणी असं आलं, असं.” ताईने शेंगेने हवेत रेघ ओढली. “तुला काखोटीला मारलं नि जिन्यावर नेऊन बसवलं. उठलीसुद्धा नाहीस, कुंभकर्ण कुठली. परत खाली आले तर पुस्तकांचा लगदा. खालीच मांडलेली ना सगळी. परीक्षा बारा दिवसांवर आलेली.”

“मग तू कॉलेज त्यामुळं सोडलंस?”

“कसलं कॉलेज?” ताईने त्रासून तिच्याकडे पाहिले. “मी गोदामाचं सांगतेय. तू नीट वाचत नाहीस हल्ली.”

दोन दिवसांनी धाकटीने पुन्हा विचारले. “टाकी? आपल्याकडे कुठली टाकी? नळ होता खालच्या चौकात,” ताई म्हणाली. आठवड्याने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा टाकी होती, पण झोपलेला एक मुलगा होता आणि त्याचे नाव ताईला सांगता येईना.

वडील हयात नव्हते. ती इमारत पाडून तिथे वाहनतळ झाले होते. धाकटीला स्वतःला त्या दुपारचे काहीच आठवत नव्हते. अलीकडे ओल्या कागदाचा वास आणि कुणाच्या तरी खांद्यावर हेलकावणारे डोके असे काहीतरी आठवू लागले होते, पण ते वाचनानंतर आठवलेले असल्यामुळे तिने ते बाद केले. एकच साक्षीदार, जबाब तीन, तिन्ही विसंगत. अशा पुराव्यावर कुठलेच न्यायालय काही ठरवणार नाही, आणि कुठलीच प्रयोगशाळाही. पंचेचाळीस वर्षे एक गोष्ट ताईने पोटात ठेवली असेल किंवा ती कधी घडलीच नसेल. ती सांगू शकणारे एकमेव माणूस समोर शेंगा निवडत होते, आणि तिथून उत्तर येण्याची वेळ टळून गेली होती. सत्तराव्या पानाच्या सुमारास विचारले असते तर कदाचित आले असते.

धाकटीने पुन्हा हिशेब मांडला. निवाडे एकटीने वाचायचे तर तीनशे चौदा तासांची तूट. तिने आठांपैकी चारच विषयांचा परीक्षाअर्ज भरला. ताईला यातले काही सांगायचे नाही असे ठरवले होते, पण ताईने अर्जाची पावती पाहिली. त्या दिवशी तिचे डोके लख्ख होते. असे दिवस अजून येत होते आणि तेच जास्त अवघड जात.

“चारच?”

“कामाचा बोजा वाढलाय.”

“मोजपट्टे, तुला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.” ताई खुर्चीत टेकली. “माझी पानं चुकतायत ना?”

धाकटीने पावतीची घडी घातली.

“किती?”

“ताई, ते—”

“आकडा सांग. एरवी विचारलं नाही तरी सांगतेस.”

“बेचाळीस,” धाकटी म्हणाली. “एकशे त्रेचाळीसांत बेचाळीस पानं.”

ताईने तो आकडा तोंडातल्या तोंडात दोनदा उच्चारला, जणू टाइप करायचा आहे. “तुझे गुण माझ्यामुळं गेले.”

“चार विषय पुढच्या वर्षी देईन. घाई कुणाला आहे?”

“मला आहे,” ताई म्हणाली. मग तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवले. “हे बघ. चुकू देत. तू माझी पानं वापरू नकोस, पाहिजे तर फाडून टाक. पण मला वाचनातून काढू नकोस. सकाळी उठून दुसरं काय करू मी? मला त्या कारणापर्यंत पोचायचंय गं. रोज पोचते. मग उठून पाणी प्यायला जाते आणि परत येईस्तोवर…”

धाकटीने आयुष्यात प्रथमच ताईची वेणी घातली त्या दिवशी. तिला ती नीट जमली नाही आणि ताईने तसे स्पष्ट सांगितले.

पुढच्या वसंतात धाकटीने चार विषय दिले आणि चारही सुटले. ताईला निकाल सांगितला तेव्हा तिने “अर्ज मंजूर” म्हटले आणि कुणाचा अर्ज, ते विचारले.

तोवर निवाड्यांचे पुस्तक ताईला झेपेनासे झाले होते; कुठे होतो ते सापडत नसे आणि मग ती रडकुंडीला येई. म्हणून धाकटीने अकरा पाने सुटी करून एका फायलीत लावली आणि ती फाईल रोज सकाळी साडेपाचला टाइपरायटरशेजारी ठेवू लागली. रोज तीच. दुसरे काही ठेवून पाहिले होते. त्यात ताईचे मन लागत नसे.

एका सकाळी, इतर सकाळींसारख्याच, ताईने फाईल उघडली. बोट ओळीखाली ठेवून ती वाचत गेली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकटीने कलमांचे पुस्तक उघडले होते, पण पान उलटले नव्हते. पावणेसातला टाइपरायटर वाजू लागला, थांबला, पुन्हा वाजला.

“हा मी आधी वाचलाय का गं?”

धाकटीने वर पाहिले नाही. “नाही. नवीन आहे.”

तिचे कान लाल झाले असतील. ताई आता कानांकडे पाहत नसे.

“चांगला आहे,” ताई म्हणाली. “न्यायाधीश हुशार आहे.” तिने पान यंत्रातून ओढून काढले, कार्बन वेगळा केला आणि मूळ प्रत दोन्ही हातांनी पुढे केली, साहेबांपुढे सहीला ठेवतात तशी.

पक्षकारांची जागा कोरी होती. वस्तुस्थिती, प्रश्न आणि निर्णय या मथळ्यांखाली अक्षरे होती, शब्द नव्हते. कारण या मथळ्याखाली एकच ओळ होती आणि तीत टायपिंगची एकही चूक नव्हती: मुलगी झोपलेली होती.

धाकटीने नोंदवही जवळ ओढली. तारीख घातली. पाने, अकरा. तास, सव्वा. वाचणारीच्या सहीसाठी वही ताईपुढे धरली. ताईने सही केली, तीही अर्धीच. मग धाकटीने खोडरबर घेऊन ताळ्याच्या रकान्यातली पेन्सिलीची रेघ तेवढ्या ओळीपुरती पुसली. सव्वीस वर्षांत न पडताळलेल्या आकड्यावर तिने सही केली नव्हती. तिने पेन उचलले, “जुळला” असे लिहिले आणि खाली आपली सही केली.

“झालं?” ताईने विचारले. “आता उद्या काय वाचायचं?”